पेवातली पोथी

सुंभेवाडीची रुद्रम्मा तोंडानं फटकळ अन् पायानं अधू. लहानपणी उमरग्याला बापाच्या दुकानात ती गुळाच्या ढेपांवर चढली, वरची ढेप घसरली, पोर खाली अन् ढेप वर. गुडघा असा मोडला की पुन्हा सरळ बसलाच नाही. "पाय आखडला तेवढी जीभ लांबली," असं तिची सासू म्हणायची. पुढं सासू गेली, नवरा गेला, पोटी मूलबाळ झालंच नाही. राहिलं ते वेशीजवळचं किराणा दुकान अन् ती जीभ. बोलता बोलता दुकानातल्या शेंगा तोंडात टाकणाऱ्याला ती सरळ विचारायची, "गिऱ्हाईक हाईस का उंदीर?" भलेभले तिच्या वाऱ्याला उभे राहत नसत. लेकरं मात्र दिवसभर तिच्या ओट्यावर. त्यांना ती शिव्याही द्यायची अन् खडीसाखरही द्यायची.

ह्या रुद्रम्माला वाचता येत होतं. बापाला पोरगा नव्हता. पोत्यांवरची नावं वाचायला कुणीतरी पाहिजे म्हणून त्यानं लेकीला अक्षरं शिकवली, कानडी अन् मराठी दोन्ही. पुड्या बांधायला सोलापूरकडून रद्दी यायची. त्या रद्दीत एकदा एक जाडजूड पुस्तक आलं. पुठ्ठा नाही, नाव नाही. पहिली पानं रुद्रम्मानंच जिऱ्या-मोहरीच्या पुड्यांत घालून गावभर वाटून टाकली. पुढचं पान फाडता फाडता सहज नजर गेली, तर तिथं अमृतवेणी नावाची राजकन्या दुथडी भरल्या नदीच्या काठाला उभी अन् पाठीमागं घोडेस्वार. आता असं पान फाडणार कोण? पोरीनं पुस्तक ओच्यात दडवलं अन् गिऱ्हाइकाला जिरं तसंच ओंजळीत ओतलं.

ती होती कादंबरी. लई जुनी, बापाच्याही जन्माआधीची. शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांत पिढ्यान् पिढ्या वाचली गेलेली. पण आमच्याकडं तेव्हा कादंबरी म्हणजे तमाशाची थोरली बहीण. "कादंबरी वाचणारी पोर नांदत न्हाय," हे बापाचं मत. मग रुद्रम्मानं काय करावं? पुस्तक लाल फडक्यात गुंडाळलं, वरून विभूतीची बोटं ओढली अन् सांगून टाकलं की पोथी हाय. पोथीला कोण हात लावतंय? लग्नात ती तशीच सासरी आणली अन् देव्हाऱ्यात ठेवली. सासू दर सोमवारी तिला डोकं टेकायची. बिचारीला काय ठाऊक, आपण कुणाच्या पाया पडतोय ते!

पण सोंग आणलं की वठवावं लागतं. पोथी म्हटली की पोथीचे नेम आले. आंघोळ करून बसायचं, दिवा लावायचा, अन् एकदा अध्याय सुरू केला की तो संपेपर्यंत वाचणाऱ्यानं उठायचं नाही, ऐकणाऱ्यानंही उठायचं नाही. मधेच पोथी मिटली तर घरावर बालंट येतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. रुद्रम्मानं हे सगळं सासूच्या देखत पाळलं अन् सासूच्या माघारीही पाळलं. इतक्या वर्षांत सोंग अंगात मुरलं. अध्यायाच्या मधे उठायचं म्हटलं की तिच्याच छातीत धडधडायचं.

मग ते अठ्ठेचाळीसचं साल उजाडलं. मोगलाईचा, म्हणजे निजामाच्या राज्याचा, शेवटचा उन्हाळा; पण शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला माहीत? रझाकारांचा जोर होता. रोज कुठल्यातरी गावाच्या अंगाला धूर दिसायचा. टोळ्या यायच्या, धान्य उपसायच्या, गुरं हाकून न्यायच्या, म्हाताऱ्यांना बडवायच्या, अन् बायकांचं तर बोलूच नये. टोळीत कोण कोण असायचं ते विचारू नका. लुटीला जात नसते. तरणे गडी हद्दीपल्याड सोलापूरच्या अंगाला, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात पळालेले. रुद्रम्माच्या शेजारच्या नागम्माचा नवरा गुरुसिद्धप्पा असाच गेला, अन् त्याचं काय झालं ते शिवालाच ठाऊक. मागं राहिली नागम्मा, नऊ वर्षांची महानंदा अन् सहा वर्षांचा वीरभद्र.

धाडीची हाक आली की बायका ओढ्याच्या घळीत पळायच्या. काट्याकुट्यांतून, तापल्या दगडांवरून. बारकी लेकरं संगं नेली तर ती रडायची, अन् एक रडलं की सगळ्याच सापडायच्या. रुद्रम्माला तर पळताच येत नव्हतं. तेव्हा बब्रुवान आबानं तोड काढली.

बब्रुवान आबा म्हणजे सत्तरी गाठलेला मराठा शेतकरी. सून आधीच वारली होती, लेक कॅम्पात. घरात तो अन् दोन नातवंडं, नातू रामकिसन अन् बारकी नात कडू. त्याच्या परसात ज्वारीचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तळाला ऐसपैस, तोंडाला एक माणूस उतरेल एवढंच, अन् तोंडावर शिळा. ज्वारी केव्हाच लुटली गेली होती, तळाला थोडा ओलसर कुजका गाळसाळ तेवढा राहिलेला. आबानं शिळा सारून पेव दिवसभर उघडं ठेवलं, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडला. दिवा तेवत राहिला तसा म्हणाला, "हवा बरी हाय. उतरा."

दिवा कशाला सोडला ते त्यानं सांगितलं नाही. पेवाच्या तळाला खराब हवा साचती, तिथं दिवा बसला की माणूसही बसतो, हे शेतकऱ्याच्या घरात कुणी कुणाला शिकवत नाही. ते आपोआप कळतं, आईच्या दुधातून यावं तसं. पण रुद्रम्मा दुकानदाराची लेक अन् दुकानदाराची सून. तिला वाटलं, आबा साप-इंचू बघतोय.

पहिल्या खेपेला तिची चारही लेकरांपुढं दैना झाली. वर शिळा सरकली, काळोख दाटला अन् कडूनं हुंदका काढला. तिचं बघून वीरभद्रानं भोकाड पसरायला तोंड उघडलं. रुद्रम्मानं एकाच्या तोंडावर हात दाबला, दुसरीच्या तोंडावर पदर कोंबला अन् मनात म्हणाली, असं किती दिस चालायचं? एखादं लेकरू माझ्याच हातानं मरायचं. पुढच्या खेपेला ती उतरली तेव्हा काखेत लाल फडकं होतं अन् हातात करडीच्या तेलाचा दिवा.

"अव्वा, ही पोथी का?" महानंदानं विचारलं. सगळी लेकरं तिला अव्वाच म्हणायची.

"व्हय. मधी कुणी हूं का चूं केलं तर बालंट येतंय. ध्यानात ठिवा."

अन् काय सांगावं! वर घोड्यांच्या टापा वाजत होत्या, कुणाचं तरी दार कुऱ्हाडीनं फुटत होतं, अन् खाली चार लेकरं आ वासून राजकन्येच्या मागं मागं चालली होती. पुस्तकातली भाषा भारी संस्कृत. रुद्रम्मा ती वाचायची अन् लगोलग आपल्या बोलीत फोडून सांगायची, मधे मधे कानडीत. अमृतवेणीच्या बापाचं राज्य दुष्ट प्रधानानं घेतलं. ती माळीण होऊन पळाली. तिचा धाकटा भाऊ त्या प्रधानानं नदीपल्याडच्या बुरुजात कोंडला. आता ती त्याला सोडवायला निघाली, अन् वाटेत संकटांवर संकटं. लेकरांना हे सांगावं लागलं नाही की दडून कसं बसायचं. राजकन्या नावेच्या तळाशी श्वास धरून बसली की चौघंही श्वास धरून बसायची.

वीरभद्राला मात्र एकच घोर. "अव्वा, त्या धाकट्याला बुरुजात जेवाया कोण देतंय?"

"तुझा काका!" रुद्रम्मा खेकसली. पण पोराचं तोंड एवढंसं झालं तसं तिनं पुस्तकात नसलेली एक म्हातारी दासी बुरुजात धाडली, अन् ती रोज पदराखाली घुगऱ्या नेते असं ठोकून दिलं. ज्या दिवशी घराघरांत चूल पेटत नसे त्या दिवशी लेकरं लग्नाच्या पंगतीचं प्रकरण मागायची. त्यात पानभर पक्वान्नं होती. रुद्रम्मा एकेक नाव सावकाश घ्यायची अन् कडू तिच्या मांडीवर बोट चोखत ऐकायची.

वरही आता चौघं बदलली. धाड नसली की खेळ एकच, राजकन्येचा. रामकिसन शेळीला म्हणायचा, "हे दुष्टा, मार्ग सोड!" नागम्मा रुद्रम्माला म्हणाली, "अक्का, मेल्या मुलखात माझी लेकरं हसाया लागली. काय पोथी म्हणायची ती!" रुद्रम्मा नुसतीच हूं म्हणाली. बब्रुवान आबा तर रोज पेवावर शिळा सारायच्या आधी पोथीला हात जोडायचा. त्याला खरं सांगावं असं तिच्या एकदा ओठांवर आलं होतं. पण म्हातारा एवढ्या भक्तीनं डोळे मिटून उभा होता की तिची फटकळ जीभ तिथं आवळली.

ज्येष्ठाच्या तोंडाला बातमी आली की पलीकडच्या गावात टोळीनं पेवं हुडकून काढली. शिळेच्या फटी बघूनच हुडकली म्हणे. आबा हादरला. एरवी तो शिळा बोटभर उघडी ठेवून वर कडबा टाकायचा. त्या दिवशी सकाळीच हाक आली तशी त्यानं लेकरं अन् रुद्रम्माला खाली उतरवलं, शिळा गच्च बसवली, कडेनं शेणमातीचा लेप दिला अन् वर झाडून घेतलं. जमीन अशी दिसाया लागली की तिथं काही होतं असं म्हणायची सोय नाही. "टोळी गेली की पहारीनं ठोकीन," तो म्हणाला होता, "तुमी खालनं ठोका, मग म्या शिळा काढतो." हा त्यांचा रोजचाच रिवाज.

टोळी एरवी यायची अन् जायची. त्या दिवशी ती गावातच बसली. आबाच्याच परसात शेळ्या कापल्या, चुली मांडल्या, म्हाताऱ्याला पाणी भरायला लावलं. ऊन चढलं, ऊन कललं. खाली रुद्रम्मा उलट्या पाटीवर बसून वाचत होती, दिवा शेजारच्या दगडावर. महानंदा, रामकिसन अन् कडू तिच्या गुडघ्यांना टेकून. वीरभद्र तेवढा तळाच्या खोलगट जागी गोणपाटावर आडवा झाला होता. तिथं गार लागतं, असं म्हणाला होता.

एक अध्याय झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात अमृतवेणी बुरुजाशी पोचली. लेकरांची डोकी जड झाली होती. रामकिसन जांभया देत होता. रुद्रम्माचंही कपाळ ठणकत होतं. तिला वाटलं, उपाशी पोटाचं असतंय. दिव्याची ज्योत बारीक झाली. तिनं वात पुढं सारली, तेल घातलं. ज्योत तरी मोठी होईना. तेलातच भेसळ दिसतीय, असं ती दुकानदारीण मनात म्हणाली.

अन् वर पहार वाजली.

टोळी गेली होती. रुद्रम्मानं हातातलं पान बघितलं. अध्यायाची दोन पानं राहिली होती. तिनं ठोकायचा दगड हातात घेतला. तो भिंतीवर आपटायचा, शिळा निघायची, वर जायचं. पण मग पोथी मधेच मिटायची. छातीत धडधडलं. इतके दिवस लेकरं जगली ती ह्या नेमानंच जगली असं तिलाही आता वाटायला लागलं होतं. "अव्वा, पुरा कर," महानंदा पेंगुळल्या आवाजात म्हणाली. रुद्रम्मानं दगड खाली ठेवला अन् वाचायला लागली.

वर आबानं उत्तराची वाट बघितली. उत्तर येईना म्हणून त्यानं जमिनीला कान लावला. खालून तिचा घुमारा येत होता. पोथी चालू होती. पोथी चालू असताना शिळा कशी काढायची? माराचे वळ अंगावर घेऊन म्हातारा शिळेशेजारी मांडी घालून बसला अन् हात जोडून ऐकत राहिला. दिवा कशानं बसतो ते त्याला माहीत होतं, पण दिवा त्याच्यापुढं नव्हता. दिवा रुद्रम्मापुढं होता अन् तिला ते माहीत नव्हतं.

अध्याय संपला. तिनं ठोकलं. शिळा निघाली तसा दिवा भक्कन मोठा झाला. रामकिसन वर येताच ओकला. कडूला काढली, ती रडत होती. महानंदाला धरून उभी केली. वीरभद्राला आबानं स्वतः खाली उतरून उचलला. "झोपलाय," रुद्रम्मा म्हणाली, "हलवा जरा, झोपलाय त्यो." आबानं हलवलं. गालावर मारलं. बाजेवर घालून पाणी शिंपडलं. पोराची मान इकडची तिकडं झाली, बस्स.

बब्रुवान आबानं एकदा पेवात बघितलं, एकदा दिव्याकडं. "दिवा बारीक झालता का?" त्यानं विचारलं.

"व्हय. म्या तेल घातलं."

म्हाताऱ्यानं कपाळ बडवून घेतलं. "अगं बाई, ठोकायचं की गं! म्या वरच हुतो. पोथी चाललीय म्हून बसलो हुतो गं म्या!"

तेव्हा रुद्रम्माच्या तोंडून ते बाहेर पडलं. "आबा, ती पोथी न्हाय. कादंबरी हाय. रद्दीतली."

आबाला कादंबरी म्हणजे काय ते कळायला वेळ लागला. कळलं तसं तो तिच्याकडं बघतच राहिला. "मग म्या कुणासाठी हात जोडून बसलो हुतो?" तो म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण तो एवढंच म्हणाला अन् भिंतीकडं तोंड करून बसला.

घळीतून बायका परतल्या तेव्हा नागम्मा सगळ्यांत पुढं होती, कमरेला भाकरीचं फडकं बांधलेलं. तिचा तो टाहो लिहिणाऱ्यानं लिहू नये अन् वाचणाऱ्यानं वाचू नये. लिंगायताचं लेकरू, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून बसवून माती दिली. मंत्र म्हणायला जंगमसुद्धा गावात उरला नव्हता. आबानं झालं तसं सगळं सांगितलं, स्वतःचं काही झाकलं नाही अन् रुद्रम्माचंही झाकलं नाही. नागम्मा रुद्रम्माच्या ओट्यासमोर उभी राहिली अन् म्हणाली, "माझं लेकरू गोष्टीपायी मारलंस." जिला जन्मभर अहो-जाहो केलं तिला अगं-तुगं केलं. अन् ज्या बाईच्या तोंडाला गाव भ्यायचं तिनं दार लावून घेतलं.

रुद्रम्मानं दुकान उघडायचं सोडलं. पुस्तकासकट लाल फडकं चुलीपाशी पडलं होतं. जाळावं म्हणून ती रोज बसायची अन् रोज चूल विझून जायची. जाळून तरी काय होणार होतं? सगळं पुस्तक पाठ असून त्या दोन पानांत काय होतं तेही तिला आठवत नव्हतं. दगडावर ठेवलेला हात तेवढा आठवायचा. हात दगडावर होता. नुसता आपटायचा होता.

धाडी काही थांबल्या नाहीत. त्या मेल्यांना काय त्याचं? आबा लेकरांना पुन्हा पेवात उतरवायचा, पण आता शिळा वीतभर उघडी ठेवून नुसता कडबा पसरायचा. रुद्रम्मा गेली नाही. घरातच कणगीआड बसून राहायची. आली टोळी तर आली. खाली लेकरं काळोखात एकमेकांना घट्ट धरून बसायची. कडू रडायची. रामकिसन एकदा मधेच वर चढून पळाला अन् आबानं त्याला गोठ्याच्या दारातून माघारी ओढला. महानंदाचं तर वेगळंच. भाऊ गेल्यापासून ती बोलली नव्हती. रडलीही नव्हती. भाकरी हातात दिली तर हातातच राहायची. पाणी पाजलं तर ओठांतून ओघळायचं. नऊ वर्षांची पोर, गालफडं आत गेली, अन् डोळे उघडे ठेवून ती कुणालाच बघत नव्हती.

एके दिवशी दुपारी हाक आली. रुद्रम्मा घरात बसली होती. दार ढकलून नागम्मा आत आली. एका हातानं महानंदाला धरलेलं, दुसऱ्या हातात दिवा. आज ती घळीकडं गेली नव्हती.

"ते पुस्तक घ्या अन् चला," ती म्हणाली.

रुद्रम्माला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "नागम्मा, मला नगं सांगू. म्या पाया पडते तुझ्या..."

"पाया पडू नगा. माफी मागू नगा. माफ करायचं बळ न्हाय माझ्यात, पुढंही यायचं न्हाय." नागम्माचा आवाज कोरडा होता. "एक गेलं. ही बी चालली. म्या समद्या देवांस्नी सांगून बघितलं, अंगारा लावला, मारून बघितलं. ती ऐकंना. त्यो जित्ता असताना ही पोर फक्त तुमचंच ऐकत हुती. वाचा. दिव्याकडं म्या बघते. तुमच्यावर भरवसा न्हाय माझा."

रुद्रम्मा उठली. लाल फडकं तिनं चुलीपाशीच सोडलं अन् नुसतं पुस्तक घेतलं. लंगडत लंगडत ती आबाच्या परसात गेली. आबानं तिला बघितलं, पुस्तक बघितलं. हात जोडले नाहीत. फक्त उतरताना तिला काखेत धरून आधार दिला.

खाली नागम्मा दिवा मांडीजवळ घेऊन तळाच्या त्याच खोलगट जागी बसली. खराब हवा पहिली जिथं येते तिथं. तिची नजर ज्योतीवरून हलत नव्हती. रुद्रम्मानं पान काढलं. पहिल्या ओळी तिनं दोनदा वाचल्या. रामकिसन भिंतीकडं तोंड करून बसला होता, तो हळूहळू वळला. कडू सरकत सरकत तिच्या मांडीपाशी आली. महानंदा होती तशीच होती.

अमृतवेणीनं धाकट्याला बुरुजातून काढलं होतं. आता दोघं रात्रीची नदी ओलांडत होती. वर लांबून घोडी वाजली अन् परसाच्या भिंतीपलीकडं माणसांची बोलणी ऐकू आली. रुद्रम्मानं आवाज अगदी खाली आणला. नाव मधल्या धारेला लागली. वारं सुटलं. नाव कलंडली. धाकट्याचा हात राजकन्येच्या हातातून निसटला अन्...

"बास," नागम्मा म्हणाली.

ज्योत बारीक झाली होती. लई नाही, थोडीशीच. रुद्रम्माची छाती जुन्या सवयीनं धडधडली. तिनं वाक्य होतं तिथंच सोडलं अन् पुस्तक मिटलं.

वर टोळी आहे का गेली, काही कळायला मार्ग नव्हता. नागम्मा पेवाच्या भिंतीतल्या खाचांत पाय देऊन वर चढली, खांदा शिळेला लावला अन् रेटली. शिळा हातभर सरकली. कडब्यातून उजेड अन् वारा एकदमच आत आला. रुद्रम्मानं एकेक लेकरू धरून वर, पेवाच्या तोंडाखालच्या कट्ट्यावर चढवलं अन् आपणही पाय ओढत चढली. सगळी एकमेकांना चिकटून कडब्याखाली तोंड वर करून श्वास घेत राहिली. भिंतीपलीकडून कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"धाकटा हाताला लागला का?"

महानंदा बोलली होती. चांगली मोठ्यानं बोलली होती. इतक्या दिवसांनी पोरीच्या तोंडून शब्द निघाला अन् नागम्माला त्याच तोंडावर हात दाबावा लागला. भिंतीपलीकडचं हसणं थांबलं. कुणी श्वास घेतला नाही. मग घोडी हलली, टापा वेशीकडं गेल्या अन् बारीक होत गेल्या.

नागम्माचा हात लेकीच्या तोंडावर तसाच होता. तिनं तो हळूच काढला. "हळू बोल," ती लेकीच्या कानात म्हणाली. "हळू बोल, पर बोल."

"अव्वा," महानंदा कुजबुजली, "धाकटा सापडला का तिला?"

रुद्रम्मानं नागम्माकडं बघितलं. पुढं काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. पण ते ह्या बाईच्या देखत, ह्या तोंडानं कसं सांगायचं?

"सांगा की," नागम्मा म्हणाली. "जे लिवलंय ते सांगा."

"सापडला," रुद्रम्मा म्हणाली. "केसाला धरून वर काढला तिनं. काठाला नेला."

महानंदानं ते ऐकलं. मग ती आईच्या कुशीत शिरली अन् भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा रडायला लागली, आवाज न करता, सगळं अंग हलवत. नागम्मानं तिला रडू दिलं. रडणं सरलं तसा पोरीनं आईच्या कमरेचं फडकं चाचपलं, त्यातला भाकरीचा तुकडा मोडला अन् चावायला लागली.